पडलेला चिकू कुणाचा? डहाणू-तलासरीतली फळमाशी आणि आपण

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

कानात हेडफोन असतील तर आवाज थोडा वाढवा, आणि वाचत असाल तर निवांत वाचा. आजचा भाग एका माशीवर आहे. घरात जेवणावर बसते ती नाही. ही फळात अंडी घालते, आणि तिच्यामुळे आपल्या घोलवडच्या चिकूपासून देवगडच्या हापूसपर्यंत सगळ्यांची झोप उडते. तिचं नाव फळमाशी.

आता तुम्ही म्हणाल, आमची काही वाडी नाही, आम्ही डहाणूत भाड्याने राहतो, नाहीतर तलासरीच्या पाड्यावर आमचं घर आणि दारात एक पेरूचं झाड, आमचा काय संबंध? तर आजचा सगळा भाग त्या एका झाडाबद्दलच आहे. मोठ्या वाडीवाल्याला सल्ला द्यायला कृषी विभाग आहे, विद्यापीठ आहे. दारातल्या झाडाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. माशीला नेमकं तेच हवं असतं.

आधी ओळख करून घेऊ

केळी जास्त पिकली की स्वयंपाकघरात बारीक बारीक चिलटं फिरतात ना, त्यांना बरेच जण फळमाशी म्हणतात. ती वेगळी. ती सडलेल्या फळावर येतात. आपली फळमाशी चांगल्या, पिकायला लागलेल्या फळावर येते. आकाराने घरमाशीएवढीच, पण अंगाने सडपातळ, लांबून बघितली तर गांधीलमाशीचं पिल्लू वाटावं अशी. पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर काळी इंग्रजी टी अक्षरासारखी खूण, पंख पारदर्शक आणि पंखाच्या वरच्या कडेला एक गडद रेघ. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा, या चारही खुणा दिसतील.

शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्या बहिणी पण आहेत, कुणी पेरूवर जास्त, कुणी बोरावर. आणि मांडवावरची कारली, दुधी, शिराळी, पडवळ कुजवणारी माशी तर आणखी वेगळी. तिच्यासाठी सापळ्यातला वासही वेगळा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मादीच्या शेपटीला सुईसारखं टोक असतं. ते ती सालीत खुपसते आणि आत अंडी घालते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण राहते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या गर खात सुटतात. आठवडाभर, कधी दहा दिवस आत राहतात. फळ मऊ पडतं, त्यातून पाणी गळायला लागतं, आणि ते खाली पडतं. मग अळ्या बाहेर येतात. या अळ्या चक्क उड्या मारतात, शरीराची कमान करून टुणकन. उडी मारून जमिनीत शिरतात, चार-पाच सेंटीमीटर खोल, आणि तिथे कोष करतात. आणखी आठ-दहा दिवसांनी त्या कोषातून नवी माशी बाहेर येते. म्हणजे साधारण तीन आठवड्यांत एक पिढी. एक मादी तिच्या आयुष्यात शेकडो अंडी घालते.

या सगळ्यात एक गोष्ट पकडून ठेवा: माशी फळात वाढते, पण जन्म घेते मातीतून. फळ पडणं आणि अळी मातीत शिरणं, या दोन्हींच्या मध्ये फार थोडा वेळ असतो. आपल्या हातात आहे तो एवढाच वेळ.

आपल्याकडे ती इतकी सुखात का?

कारण आपण तिला वर्षभर जेवायला घालतो. बघा हं. चिकूच्या झाडावर जवळजवळ बारा महिने कुठे ना कुठे फळ असतं. हिवाळ्यात चिकूचा जोर. मार्चपासून आंबा. मे-जूनमध्ये जांभूळ आणि उशिराचा आंबा. पावसाळ्यात पेरू. मध्ये मध्ये बोर, करमळ, पपई. एका झाडावरचं संपलं की माशी दुसऱ्या झाडावर जाते. उपाशी राहायची वेळच येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला तर तिची दिवाळी असते. उष्णता आहे, ओल आहे, आणि झाडाखाली पडलेल्या फळांचा खच आहे.

मोठ्या वाडीत चिकू कसा काढतात माहीत आहे ना? काठीला जाळी लावून, फळ तयार पण कडक असतानाच. मग धुवून, निवडून, खोक्यात भरून पाठवतात, आणि ते पिकतं वाटेत. त्यामुळे वेळेवर काढलेल्या चिकूला माशीचा धोका कमी. जास्त धोका कुणाला? झाडावरच पिकलेल्याला. म्हणजे उंच फांदीवर राहून गेलेल्याला, दारातल्या झाडाला, आणि शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्याच्या आवारातल्या झाडाला, ज्याची फळं काढायला कुणी येतच नाही. वाडी मक्त्याने दिलेली असेल तर आणखी गंमत. झाडावरचं फळ मक्तेदाराचं, जमीन मालकाची, आणि खाली पडलेलं फळ कुणाचंच नाही.

ते माशीचं.

एका अळीची किंमत

आता जरा मोठं चित्र बघू. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण त्याला जीआय टॅग म्हणतो. ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. घोलवडच्या जमिनीत कॅल्शियम जास्त, त्यामुळे इथल्या चिकूची गोडी वेगळी, असं त्यात सांगितलं जातं. जुलै २०२१ मध्ये या मानांकनाचा चिकू ब्रिटनला रवाना झाला. पालघर जिल्ह्यात तेव्हा सुमारे ५,००० हेक्टरवर चिकू होता. म्हणजे किती घरं या फळावर चालतात याचा अंदाज करा. त्यात वाडीमालक आले, तसेच काढणीला जाणारे, निवड करणारे, खोके भरणारे वारली मजूर आले, टेम्पोवाले आले.

आणि परदेशी पाठवताना सगळ्यात आधी काय बघतात? अळी. आंब्याची गोष्ट आठवा. २०१३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय फळं-भाज्यांच्या २०७ मालांत कीड सापडली, त्यात फळमाशी होती. मग १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू पण. हंगाम ऐन भरात असताना. आंब्यावरची बंदी उठायला २०१५ उजाडलं, आणि तेही माल पाठवण्याआधी अळी मारण्याची प्रक्रिया आणि तपासणी कडक केल्यावर. त्याआधी जपानने याच माशीमुळे आपला आंबा वीसेक वर्षं घेतला नव्हता. ती बंदी २००६ मध्ये उठली.

परदेशच कशाला, दिल्लीच्या बाजारात खोकं उघडलं आणि वरचाच चिकू दाबल्यावर पचकन बसला, तर व्यापारी पूर्ण खोक्याचा भाव पाडतो. त्या खोक्यामागे कुणाची तरी रोजंदारी असते.

तिचा प्रवास उलटा आहे

आपल्याकडे 'परदेशी कीड' म्हटलं की वाटतं, बाहेरून आली आणि आपल्याला छळायला लागली. इथे उलटं आहे. ही माशी दक्षिण आशियाची. आपलीच. आणि जगाला ती आपल्या भागातून गेली आहे.

चाळीसच्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ती हवाई बेटांवर पोचली. २००३ मध्ये केनियात सापडली. शास्त्रज्ञांना ती इतकी आक्रमक वाटली की २००५ मध्ये तिला नवीन जात समजून नावच 'इन्व्हेडन्स' ठेवलं, म्हणजे घुसखोर. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, कळलं की ही वेगळी जात नाही, आशियातलीच जुनी डॉर्सालिस आहे. तोवर सहाराच्या खालच्या आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी आंब्याच्या बागा तिने धरल्या होत्या. २०१८ मध्ये ती इटलीत दिसली.

आणि आपल्या आजच्या विषयाला लागून असलेली गोष्ट म्हणजे कॅलिफोर्नियातलं रेडलँड्स. लॉस एंजेलिसच्या पूर्वेचं, जुन्या संत्र्याच्या बागांचं शहर. आता तिथे बरीच झाडं घरांच्या अंगणात आहेत. २०२३ मध्ये तिथे ही माशी सापडली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने काय केलं? दोन हजारांहून जास्त घरांच्या अंगणातल्या झाडांवरची सगळी फळं काढून नेली. दारोदार जाऊन, संत्री, लिंबं, सगळं. लोक हळहळले. त्याच वर्षी काही महिन्यांनी माशी संपल्याचं जाहीर झालं.

तिथे ती नवखी होती, मूठभर होती, म्हणून संपली. आपल्याकडे ती हजारो वर्षांची रहिवासी आहे. आपण तिला संपवू शकत नाही, कमी करू शकतो. पण रेडलँड्सकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी मोठ्या बागांइतकंच अंगणातलं झाड महत्त्वाचं मानलं, आणि फळच उचललं.

सापळ्याची गोष्ट, आणि सापळ्याची मर्यादा

आता सापळ्याकडे येऊ, कारण फळमाशी म्हटलं की सगळे आधी सापळाच विचारतात.

याची सुरुवात पण आपल्याच देशात झाली. बिहारमधल्या पुसा इथे एफ. एम. हाउलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. डास येऊ नयेत म्हणून लोक सिट्रोनेला तेल वापरायचे, आणि त्या वासावर फळमाश्यांची झुंबड उडायची. हाउलेटनी बघितलं तर येणारे सगळे नर! हे त्यांनी १९१२ मध्ये लिहिलं. पुढे शोध घेऊन १९१५ मध्ये नेमका पदार्थ सापडला, मिथाईल युजेनॉल. आज शंभर वर्षांनंतरही जगभर सापळ्यांत तेच वापरतात. गंमत म्हणजे आपल्या तुळशीतही ते थोडंफार असतं. म्हणून कुठेकुठे तुळशीचा पाला कुस्करून बाटलीत टाकायची पद्धत आहे. चालतं, पण वास लवकर उडून जातो.

कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा तुम्ही कदाचित बघितला असेल. सीमेपलीकडे नवसारी कृषी विद्यापीठाचा 'नवरोजी स्टोनहाउस' सापळा आहे. तलासरीतून आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागतं. तिकडेही चिकू आणि आंबाच. दोन राज्यांची दोन विद्यापीठं, दोन सापळे, पण माशी एकच. ती नाक्यावर थांबत नाही.

या सापळ्यांमध्ये वासाने भिजवलेला प्लायवुडचा तुकडा असतो, बाजारात त्याला ल्युअर म्हणतात. नर त्या वासावर येतो, आत शिरतो आणि मरतो. चार दिवसांनी बघितलं तर तळाशी माश्यांचा थर. बघून बरं वाटतं. बऱ्याच जणांना वाटतं, काम झालं.

इथे थांबा. सापळ्यात पडले ते नर. अंडी घालते ती मादी. आणि एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो. म्हणजे शंभरातले ऐंशी नर मेले तरी उरलेले वीस काम भागवतात. शिवाय शेजारच्या आवारातून, आधीच नराला भेटून आलेली मादी आली, तर तुमचा सापळा तिला दिसतही नाही. ती सरळ फळावर जाते.

मग नर मारून माशी संपल्याची उदाहरणं नाहीत का? आहेत. साठच्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या लहान बेटावर असं झालं. जपानने ओकिनावाकडच्या बेटांवरून १९८६ पर्यंत ती हटवली. पण ती बेटं होती, चारी बाजूंनी समुद्र. आणि पूर्ण बेटावर, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा ते तुकडे टाकले होते. डहाणूला एका बाजूला समुद्र आहे, बाकी तीन बाजूंना झाडंच झाडं. एकट्याने एक सापळा लावून इथे ओकिनावा होणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे: दारातल्या एका सापळ्याकडून मोजणीची अपेक्षा ठेवा, संरक्षणाची नको. माशी आली का, वाढते आहे का, कमी होते आहे का, हे तो फार छान सांगतो. तापमापी ताप सांगते, उतरवत नाही. तसंच.

हिशोब करून बघा

माशी लागलेल्या एका पेरूत वीस-तीस अळ्या सहज असतात. पंचवीस धरू. त्यातल्या साधारण निम्म्या माद्या होणार, म्हणजे बारा. काही मुंग्या खातील, काही मरतील, तरी सहा उरल्या असं समजा. प्रत्येकीची अंडी शेकड्यांत. आता तुम्ही तो एक पेरू पडला त्याच दिवशी उचलला, तर त्या सहा माद्या जन्मालाच येत नाहीत. औषध नाही, खर्च नाही, फक्त वाकायचं.

कुठला सापळा तुम्हाला सहा माद्या पकडून देतो?

मग करायचं काय? पाच गोष्टी

एक. पडलेलं फळ दोन-तीन दिवसांआड उचला. आठवड्याने एकदा चालणार नाही, तोवर अळ्या मातीत गेलेल्या असतात. झाडावर मऊ पडलेली, डाग पडलेली फळंही काढा. आणि उचललेलं फळ उकिरड्यावर टाकू नका! तिथे टाकलं तर तुम्ही माशीची फक्त जागा बदलली. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात, मग ते खड्ड्यात टाका. नाहीतर दीड-दोन फूट खोल पुरून वर माती दाबा. वरवर माती लोटली तर माशी त्यातून वर येते.

दोन. झाडाखालची माती अधूनमधून वरच्यावर उकरा. कोष उघडे पडले की ऊन, मुंग्या आणि कोंबड्या उरलेलं काम करतात. पाड्यावर कोंबड्या असतातच, त्यांना झाडाखाली फिरू द्या.

तीन. जे झाकता येतं ते झाका. पेरू, आंबा यांना फळ लहान असतानाच कागदी पिशवी बांधता येते. दारातल्या झाडाला पंचवीस पिशव्या म्हणजे एका दुपारचं काम. चिकूला ते परवडत नाही, फळं फार. चिकू वेळेवर, कडक असताना काढा आणि घरात पिकवा. उंच फांद्या असतील तर छाटणी करून झाड हाताशी ठेवा.

चार. मोजणीसाठी सापळा लावा. कृषी सेवा केंद्रात तयार मिळतो. घरी करायचा तर लिटरच्या बाटलीला वरच्या भागात बोट जाईल एवढी चार भोकं पाडा, आत ल्युअर टांगा, तळाशी थोडं साबणाचं पाणी. सावलीत, आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर लटकवा. दोरीला थोडं ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या नेतात आणि हिशोब चुकतो. ल्युअरला औषध लावलेलं असतं, त्यामुळे हातमोजे घाला, लहान मुलांना देऊ नका. आणि मांडवावर कारली-दुधी असेल तर दुकानात तसं सांगा, त्याचा ल्युअर वेगळा, क्यू-ल्युअर नावाचा.

पाच. फवारणीची घाई नको. अळी फळाच्या आत असते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, ते पोचतं खाणाऱ्याच्या पोटात. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, त्याची आठवण ठेवा. मोठ्या वाडीत मादीसाठी गुळाचं किंवा प्रथिनांचं आमिष वापरतात, कारण अंडी तयार व्हायला तिला प्रथिनं लागतात. पण ते कुठलं, किती, केव्हा, हे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून करा. दुकानदाराने दिली ती बाटली ओतली, असं नको. किसान कॉल सेंटरचा फोन पण आहे, १८००-१८०-१५५१, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

नक्की माशीच आहे ना?

हे विचारणं गरजेचं आहे. डहाणूच्या चिकूला आणखी एक शत्रू आहे, बी पोखरणारी अळी. दोन्ही अळ्याच, पण उपाय वेगळे. चिकू कापून बघा. गरात बऱ्याच पांढऱ्या, बिनपायाच्या, डोकं न दिसणाऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. बीच्या आत एखादीच अळी, तिला डोकं आणि पाय स्पष्ट, आणि तयार फळावर बाहेर पडण्याचं गोल भोक असेल तर बी पोखरणारी. ती पतंगाची अळी, मिथाईल युजेनॉलशी तिचं काही देणंघेणं नाही. आणि आंब्यात गर पांढरा, स्पंजासारखा झालाय पण अळी नाही, तर तो साका. त्याला माशीला दोष देऊ नका.

खात्री करायची असेल तर एक सोपा प्रयोग. पारदर्शक डब्यात तीन बोटं ओलसर माती घ्या, वर संशयित फळ ठेवा, तोंडाला पातळ कापड रबराने बांधा. सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कोषातून माश्या बाहेर येतील. डब्याला फोन टेकवून फोटो काढा, त्या चार खुणा तपासा. मग डबा उघडायच्या आधी कडक उन्हात ठेवा, म्हणजे तुम्हीच माश्या सोडल्या असं नको व्हायला.

फोनचा खरा उपयोग

आता शेवटचं, आणि खास तुमच्यासाठी. गावात, पाड्यावर, सोसायटीत तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. गुड मॉर्निंग पाठवता तिथे एक आकडा पाठवा. दर रविवारी सापळ्यातल्या माश्या मोजायच्या. एकूण माश्यांना सापळ्यांच्या संख्येने भागायचं, मग दिवसांनी भागायचं. तीन सापळे, सात दिवस, २१० माश्या, म्हणजे एका सापळ्यात दिवसाला दहा. जगभर माशीचा हिशोब असाच ठेवतात. पाच घरांनी दोन महिने आकडे लिहिले तर तुमच्याकडे अशी माहिती असेल जी तुमच्या गल्लीबद्दल आजवर कुणी जमवलेली नाही. कुठे आकडा चढतोय ते दिसेल. तिथे जा. बहुतेक वेळा एखादं झाड असेल ज्याच्याखाली कुणी वाकत नाही.

तिथे भांडायला जाऊ नका. बंद बंगला असेल तर राखणदार काकांना विचारा, "काका, आम्ही पडलेली फळं उचलून नेली तर चालतील का?" बहुतेक जण हो म्हणतील, झाडलोट वाचते त्यांची. म्हातारी आजी एकटी असेल तर तिच्या झाडाचे पेरू काढून द्या, चार तुम्हाला मिळतीलच. मक्त्याच्या वाडीत मालक आणि मक्तेदार दोघांशी बोला, की वेचणीची मजुरी कोण देणार हे हंगामाच्या आधी ठरवा. कारण वेचणारी बाई फुकट वाकणार नाही, आणि वाकूही नये. ते काम आहे, त्याचे पैसे लागतात. पडणाऱ्या भावापेक्षा ती मजुरी स्वस्त पडते.

एका घराने सगळं नीट केलं आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर त्या एका घराला माशी लागणारच. पाचही घरांनी नुसती फळं उचलली, सापळा एकानेही लावला नाही, तरी पाचही घरांना फरक दिसेल. या माशीपुरतं तरी शेजार म्हणजेच वाडी.

तर या आठवड्यात एवढंच करा. उद्या सकाळी दारातल्या झाडाखाली बघा. पडलेलं एक फळ उचला, कापा, आत काय आहे ते बघा. फोटो काढून ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, 'तुमच्या झाडाखाली काय आहे?' हा भाग आवडला असेल तर ज्याच्या दारात पेरू आहे त्याला पाठवा. चिकूच्या वाडीत कामाला जाणाऱ्या मावशींना मोबाईलवर लावून ऐकवा, आणि त्या काय म्हणतात ते आम्हाला कळवा. झाडांबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा!